डिंडोलीच्या आकाशातला नववा दिवा

सुरतेहून येणाऱ्या माणसाकडून आमच्या गावाच्या अपेक्षा ठरलेल्या आहेत. एक साडी आणि घारी या सुरती मिठाईचा एक डबा. मी दोन्ही न आणता परतलो, तेव्हा पारावरच्या मंडळींनी मला चांगलंच फैलावर घेतलं. आकाशातला एक उजेड बघायला गेलो होतो असं सांगितलं, तर ते आणखीच हसले. तोंडी सांगून पटणारी ही गोष्ट नाही, हे तेव्हाच लक्षात आलं. म्हणून आता सावकाश लिहून काढतो.

मी दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर आहे. विज्ञान आणि भूगोल शिकवतो. माझी थोरली बहीण, आमची आक्का, वीस वर्षांपासून सुरतेला डिंडोलीत राहते. तिचे यजमान भगवानदाजी उधन्याला पॉवरलूमवर कामाला आहेत. सुरतेत प्लेग आला त्या साली त्यांची सगळी गल्ली रातोरात गावाकडे पळाली, तेव्हा दाजी मात्र दाराला आतून कडी घालून तिथेच बसून राहिले होते. सहजासहजी घाबरणारा हा माणूस नव्हे. त्यानंतरच्या हिवाळ्यात या दाजींचं मला पत्र आलं. एरवी त्यांच्या घरची पत्रं भाची लिहिते. हे मात्र त्यांच्या स्वतःच्या हातचं होतं, ओळी तिरक्या उतरत गेलेल्या.

"ये. काम आहे. संध्याकाळी आकाशात दिव्यांची ओळ दिसते. तू शिकलेला आहेस. बहिणीला कळवू नको."

माझा आनंद गगनात मावेना. वीस वर्षं मी पोरांना आकाश शिकवलं ते पुस्तकातून. आकाशाने स्वतःहून बोलावणं धाडण्याची ही पहिलीच वेळ. शाळेचा ताऱ्यांचा तक्ता गुंडाळून घेतला, चार दिवसांची किरकोळ रजा टाकली, आक्कासाठी लाल मिरच्यांची पिशवी भरली आणि पॅसेंजरमध्ये चढलो. वाटेत शेजारच्या बाईला चार वेळा शिंका आल्या, तेव्हा मिरच्यांची पिशवी माझीच आहे हे मी कबूल केलं नाही. प्रवासाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही घडलं नाही.

उधना

उधना स्टेशनवर उतरलो तेव्हा सकाळचं धुकं होतं. फलाटाच्या टोकाला दाजी उभे दिसले. मी पिशवी उंच करून हात हलवला, "दाजी!" म्हणून ओरडलो आणि लगबगीने जाऊन पायांना हात लावला. वर पाहतो तर मिशीवाला भलताच गृहस्थ. त्याने मला तोंडभर आशीर्वाद दिला आणि वर विचारलं, "क्या हुआ, भाई?"

मागून दाजींचा आवाज आला. "मास्तर, आठे से मी!"

दाजींचा आवाज सांगून कळायचा नाही. लूमच्या खात्यात म्हणजे पत्र्याच्या लांब शेडमध्ये शेकडो माग एकदम खडखडतात, त्यामुळे तिथली माणसं एक तर खुणांनी बोलतात नाही तर ओरडून. दाजी घरी चहा मागतात तोही तिसऱ्या गल्लीत ऐकू जातो. मी धुक्याला दोष दिला. दाजींनी मिरच्यांची पिशवी सायकलला अडकवली, मला मागे बसवलं आणि आम्ही निघालो.

रूळ ओलांडल्यावर गर्दी विरळ झाली. एका बाजूला नव्या सोसायट्यांच्या अर्धवट भिंती, दुसऱ्या बाजूला ऊस आणि वांग्यांची शेतं. एका बांधाशी दाजी थांबले. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून ते चक्क कुजबुजत बोलू लागले. कुजबुजायची त्यांना सवय नव्हती, मधूनच शब्द फुटत होते.

"मना बापले बी असंच दिखे," ते म्हणाले. माझ्या बापालाही असंच दिसायचं.

दाजींचे वडील शेवटची दहा वर्षं आंधळे होते, हे मला माहीत होतं. सुरुवात कशी झाली ते मात्र माहीत नव्हतं. म्हातारा संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणायचा, दिवे आले, ते बघा दिवे आले. घरच्यांनी भगत आणला, नारळ फोडले, कोंबडं कापलं. धुळ्याच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. डॉक्टर म्हणाले, दिवे बाहेर नव्हतेच, ते याच्या डोळ्यांतच होते.

"आते माले दिखतस," दाजी म्हणाले.

खात्यातून सुटल्यावर घरी येताना याच ठिकाणी, उत्तरेच्या बाजूला, एकावर एक दिवे लागलेले त्यांना दिसत. जणू कुणी जिना चढतंय. पंधरवड्यात चार-पाच वेळा दिसले होते. खात्यातल्या एका ओडिया जोडीदाराला त्यांनी आडून आडून विचारलं, त्याला काही ठाऊक नव्हतं. रस्त्याने जाणाऱ्या येणाऱ्याला विचारावं, तर त्यांचा धीर होत नव्हता.

"विचारलं, आणि तो म्हणला 'कोठे?' तर?"

मागावर हजारो तारा, म्हणजे धागे, ताणलेल्या असतात. केसाएवढी तार तुटली की ती दिसायला हवी आणि त्याच क्षणी सांधायला हवी. डोळे गेलेल्या माणसाला खात्यात कोण ठेवील? आणि दाजींना दुसरं काही येत नव्हतं. त्यांनी माझ्याशी करार केला. तीन दिवस मी त्यांच्याबरोबर इथे उभं राहायचं. मला दिवे दिसले तर प्रश्न मिटला. मला दिसले नाहीत, तर ते मुकाट्याने माझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे येतील. तोवर आक्काला काही सांगायचं नाही.

पिशवीतला ताऱ्यांचा तक्ता मला एकदम पोरखेळ वाटू लागला. मी आकाशाची गंमत पाहायला आलो होतो, आणि हा माणूस आपले डोळे माझ्या हवाली करत होता.

पहिली संध्याकाळ

त्या संध्याकाळी साडेसातला आम्ही बांधावर उभे राहिलो. वारा अजिबात नव्हता. उधन्याकडे धुराचा तवंग, दूर कुठे तरी गुजराती भजन आणि अंगाला चावणारे डास. पाऊण तास मान वर करून उभे राहिलो. काही दिसलं नाही, मला नाही आणि दाजींनाही नाही.

घरी आक्काने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. माझ्या मिरच्यांचा ठेचा होता. शेजारच्या बेनने वाटीभर उंधियू पाठवला होता. सुरतेचे लोक कंद, वांगी, पापडी सगळं एकाच भांड्यात घालतात, वरून साखरही घालतात, आणि तरीही ते चांगलं लागतं, हे मला कबूल करावं लागलं. आक्का वाढता वाढता आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती.

"काय भानगड से तुमनी? कोठे गयथात दोन्हीजन?"

"पोट मोकळं करायला फिरत होतो," मी म्हणालो.

"पाऊण तास?" आक्का म्हणाली आणि भाकरी आपटून वाढली.

दुसरा दिवस

दाजी कामावर गेले आणि मी शहर पाहायला निघालो. बसवरचे आकडे गुजराती होते, त्यामुळे दोनदा चुकीच्या बसमध्ये चढलो. निदान मी लिपीला दोष दिला. कंडक्टर म्हणाला, "काका, पाटी एवडी मोटी तो छे." मग मी पायीच हिंडलो. तापीकाठी पोंक विकणाऱ्यांचे मांडव लागले होते. पोंक म्हणजे आपला हुरडाच. पण आपण हुरडा शेतात, आगटीजवळ मांडी घालून, राखेचे हात चाटत खातो. सुरतेत तो निवडून, पाखडून, हिरव्या मोत्यांसारखा तागडीत येतो, बरोबर लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेचे गोळे. मी दाजींसाठी पुडा बांधून घेतला. कोवळ्या ज्वारीने माणसाला धीर येतो अशी माझी समजूत आहे.

संध्याकाळी त्यांना आणायला खात्यात गेलो. दारातच कान बंद झाले. आत धुळीत पिवळे दिवे, मागांच्या दोन रांगा आणि मधल्या बोळात दाजी. ते चार माग सांभाळत होते. मी दारापाशी उभा राहून पाहत होतो. अचानक ते वळले, तीन ढांगांत तिसऱ्या मागाशी गेले, हात आत घातला, बोटं हलली आणि माग पुन्हा चालू झाला. तार कुठे तुटली, कधी तुटली, मला काही कळलं नाही. तार कसली, मला तिथून नुसतं पांढरं काहीतरी दिसत होतं. या माणसाच्या डोळ्यांना काय होणार, असं मला मनापासून वाटलं. बाहेर पडताना माझी छाती दाजींच्या वतीने फुगली होती.

त्या संध्याकाळी वारा सुटला होता. रूळ ओलांडून बांधाशी आलो आणि दाजींनी सायकल एकदम थांबवली. माझा दंड इतक्या जोरात धरला की पोंकाचा पुडा खाली पडला.

"तठे दख. दिखस का?"

मी त्यांच्या बोटाच्या रोखाने पाहिलं. काळं आकाश. खाली कुठे कुठे सोसायट्यांचे धूसर दिवे. वर काहीच नाही. डोळे चोळून पाहिलं, बारीक करून पाहिलं. काहीच नाही.

"दिखस का, मास्तर?"

मघापासून मी ज्या डोळ्यांच्या भरवशावर फुशारत होतो, ते डोळे नसलेले दिवे पाहत होते. मला रडू आलं. आणि मी, वीस वर्षं पोरांना 'जे दिसेल तेच लिहा' म्हणून दटावणारा मी, म्हणालो, "हो, दाजी. दिसतात."

त्यांनी अगदी हळू विचारलं, "किती शेतस?"

"पाच," मी म्हणालो.

दाजींनी माझा दंड सोडला.

"सात शेतस," ते म्हणाले. "तू खोटं बोली राहिना."

घरापर्यंत ते सायकल हातात धरून चालत आले. मी मागून चालत होतो. घरी आक्काला ते मोठ्या आवाजात म्हणाले की परवा सकाळी मास्तरबरोबर शहरात जायचं आहे, काम आहे. कोणतं काम ते मला माहीत होतं. मध्ये एकच संध्याकाळ उरली होती. पोंकाला त्या रात्री कुणी हात लावला नाही.

लिंबाचं झाड

रात्रभर मी तळमळलो. खोटं बोलल्याची लाज वाटत होती आणि दाजींची काळजी. पहाटे पहाटे मात्र माझ्यातला मास्तर जागा झाला. मी स्वतःलाच प्रश्न घातला. डोळ्यातला दिवा आणि डोळ्याबाहेरचा दिवा यांत फरक काय? डोळ्यातला दिवा माणूस जिकडे बघेल तिकडे त्याच्याबरोबर जाईल. बाहेरचा दिवा आपल्या जागी राहील. आणि बाहेरच्या दिव्यासमोर आडोसा आला, तर तो झाकला जाईल. प्रयोग इतका सोपा होता की सहावीच्या पोरानेही सुचवला असता. आदल्या संध्याकाळी मला तो सुचला नाही, याचं कारण मी तेव्हा मेहुणा होतो, मास्तर नव्हतो.

संध्याकाळी वारा कालच्यापेक्षा जास्त होता. बांधापासून पन्नास पावलांवर एक जुना लिंब आहे, बुंधा दोन माणसांच्या कवेत न मावणारा. दाजींना दिवे दिसताच मी त्यांना म्हणालो, "आता काही बोलू नका. दिव्यांवर नजर ठेवा आणि हळूहळू डावीकडे सरका, दिव्यांच्या आणि तुमच्या मध्ये लिंब येईपर्यंत. झाड आडवं आलं की दिवे दिसतात का, तेवढं सांगा."

त्यांना आधी अर्थ कळला नाही. मी पुन्हा समजावलं. झाडामागे दिवे दिसेनासे झाले, तर ते जगातले. झाडावरही दिसत राहिले, तर ते डोळ्यांतले. दाजींनी मफलर सोडून खांद्यावर टाकला आणि एक एक पाऊल सरकू लागले. मी श्वास धरून त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. आकाशाकडे पाहून मला काय मिळणार होतं!

चार पावलं. सहा. आठ. दाजी थांबले.

"गयात," ते पुटपुटले. एक पाऊल मागे आले. "उनात," म्हणजे पुन्हा आले. परत पुढे. "गयात! मास्तर, गयात! झाडना मांगे गयात!"

हे मात्र त्यांच्या खऱ्या आवाजात होतं, मागावरच्या. वांग्यांच्या शेतातून दोन टिटव्या ओरडत उडाल्या. दाजी त्या झाडासमोर पुढे मागे, पुढे मागे करत राहिले, आठ-दहा वेळा तरी. मग खाली बसले आणि मफलर तोंडावर घेऊन हमसाहमशी रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा होतो. एखाद्या माणसाला त्याचे डोळे परत मिळताना मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांनी तोंड पुसलं, वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मंग तुले का दिखत नही?"

मी म्हणालो, धुकं आहे. ते म्हणाले, धुकं तर त्यांनाही आहे. मी म्हणालो, सवय लागते. त्यांनी सायकल लिंबाला टेकवून कुलूप लावलं.

"चाल. जवय जाऊत."

पर्वत पाटियाच्या वाटेवर

आम्ही शेतांतून उत्तरेला निघालो, पर्वत पाटिया नावाच्या वस्तीच्या दिशेने. दाजी आकाशाकडे पाहत सरळ चालत होते आणि मी जमिनीकडे पाहूनही उसाच्या चारीत पडलो. गुडघ्यापर्यंत थंड पाणी. डावी चप्पल तिथेच राहिली, ती आजही असेल. उरलेली वाट मी एका पायाने अनवाणी चाललो.

पंधरा-वीस मिनिटांनी एका शेताचा बांध चढलो आणि मला दिसलं.

आधी वाटलं, वर कुणीतरी शेंदराचं बोट ओढलंय. मग ते बोट तुटून त्याचे ठिपके झाले. पिवळे, ऊबदार, एकावर एक, एका कलत्या रेषेत जमिनीपासून आकाशात चढत गेलेले. त्यांना धरणारं काहीच नव्हतं. वारा आला की सगळी ओळ एकदम डावीकडे झुले आणि पुन्हा सावकाश जागेवर येई. इतकी शांतता होती आणि इतकं मोठं काहीतरी समोर हलत होतं की माझ्या अंगावर काटा आला. विमान, ग्रह, कारखान्याची चिमणी अशी दहा उत्तरं मी गावाहून तयार करून आणली होती. त्यांतलं एकही मला आठवलं नाही. मी नुसते हात जोडले. विज्ञानाच्या मास्तरने असं करू नये, पण केलं.

"दाजी," मी म्हणालो, "दिसले. देवाशपथ दिसले."

दाजी आता शहाणे झाले होते. "असं नही. मनमां मोज. मी बी मोजस. मंग संगेच सांगूत."

आम्ही दोघांनी मनात मोजलं. मी बोट धरून, पुन्हा पुन्हा मोजलं. मग दाजींनी खूण केली आणि आम्ही एकदमच बोललो.

"आठ."

"नऊ."

दाजींचं तोंड उतरलं. झाडाने दिलेलं सगळं त्या एका आकड्याने परत घेतलं की काय, अशी भीती वाटली. पुन्हा मोजलं. मी आठ, ते नऊ. मग आम्ही दोघं जवळजवळ धावतच सुटलो.

ओळीच्या बुडाशी एक मोकळं शेत होतं. तिथे कंदिलाच्या उजेडात पांढऱ्या दाढीचा एक माणूस दोरी धरून मागे रेलून उभा होता. शेजारी त्याची बायको गोधडी पांघरून बसली होती, हातात दोरीची मोठी फिरकी. चिखलाने माखलेला, एका चपलेतला मी आणि रडून डोळे लाल झालेले दाजी, असे आम्ही अंधारातून त्यांच्यापुढे उगवलो.

"अरे आवो, आवो," तो म्हणाला. "संभाळजो, त्यां पाणी छे."

मी म्हणालो की पाणी मला भेटून गेलं आहे.

त्याचं नाव कासमभाई. पतंगांचा कारागीर. आकाशात चढलेल्या त्या गोष्टीला तो 'तुक्कल' म्हणाला. संक्रांतीच्या रात्री सुरतेचे लोक मोठा पांढरा पतंग उंच चढवतात आणि त्याच्या दोरीला ठरावीक अंतराने कागदी कंदील बांधत जातात, आत मेणबत्ती पेटवलेले. अंधारात पतंग दिसत नाही, दोरी दिसत नाही, दिसतात ते फक्त दिवे. कासमभाई हे कंदील घरी बनवत, आणि विकायच्या आधी प्रत्येक खेपेतले काही इथे आणून वर चढवून पाहत. कागद पेट घेतो का, वाऱ्याने ज्योत विझते का. "जो ऊपर टिके, वही बेचूँगा," ते म्हणाले. वारा नसेल त्या दिवशी ते घरीच बसत.

मग त्यांनी दाजींना विचारलं, कुठले? दाजी म्हणाले, इथलेच, डिंडोलीचे, वीस वर्षं झाली.

"बीस साल! और तुक्कल नहीं देखी?"

दाजी ओशाळले. "संक्रांत को हम गाँव जाते हैं ना."

खरंच. दर वर्षी खाती बंद झाली की डिंडोलीतले आमचे सगळे लोक गाड्या भरभरून खानदेशात येतात. दाजी वीस वर्षं सुरतेत होते आणि एकही संक्रांत सुरतेत नव्हते. ज्या रात्री हे शहर आपलं आकाश दिव्यांनी भरतं, नेमकी ती रात्र त्यांनी दर वर्षी आमच्या अंगणात तिळगूळ खात घालवली होती. आणि ओडिया जोडीदारही आपल्या गावी जात असला पाहिजे.

मी कासमभाईंना सांगितलं, आम्हीही दिवाळीला असाच कागदाचा दिवा करतो, त्याला आकाशकंदील म्हणतो. त्यांनी उत्सुकतेने विचारलं, कितना ऊपर जाता है? मी म्हणालो, वर जात नाही, दारात टांगतो.

"तो फिर आकाश किस बात का?" कासमभाई म्हणाले. त्यांची बायको गोधडीत तोंड घालून हसली.

पण दाजींचं तिकडे लक्ष नव्हतं. "चाचा, कितने हैं?"

"नौ."

"आठ नाहीत?" मी विचारलं.

कासमभाई दोरी ओढू लागले. कंदील एक एक करून खाली आले, दाजी ते सोडवून जमिनीवर ओळीत ठेवत गेले. पंख्यासारख्या घड्या घातलेला पांढरा कागद, तळाला पुठ्ठा, आत बोटभर ज्योत. सात आले. आठ आले. मग दोरीचा बराच लांब तुकडा रिकामा आला आणि मला वाटलं, संपले. मग अंधारातून, डुलत डुलत, नववा आला. त्याची मेणबत्ती विझत आली होती, उजेड जेमतेम होता. पण तो होता.

दाजी हसले. काय हसले! पर्वत पाटियाच्या चौकात ऐकू गेलं असेल. "तुना डोया तपाशी ले, मास्तर!"

मी चिखलात उभा राहून उधना स्टेशनवरचा तो मिशीवाला गृहस्थ आठवत होतो, बसच्या पाट्या आठवत होतो, मागावरची तार आठवत होतो.

पुन्हा चढवायच्या आधी कासमभाईंना दोरीत एक झिजलेली जागा सापडली. त्यांनी ती कापली आणि टोकं जोडायला कंदील जवळ ओढला. दाजींनी टोकं त्यांच्या हातातून घेतली. बोटं एकदा हलली, उजेडाची वाटही पाहिली नाही, आणि गाठ झाली. कासमभाईंनी नखाने चाचपून पाहिलं. "हाथ को लगती ही नहीं," ते बायकोला म्हणाले आणि गाठ तिच्याही हातात दिली.

मग दिवे पुन्हा चढले. कासमभाईंनी दोरी दाजींकडे दिली, दाजींनी माझ्याकडे. मी ती धरली मात्र, आणि वरून कुणीतरी मला ओढलं. जिवंत ओढ होती ती. मला न दिसणाऱ्या उंचीवरून आकाश माझे हात हलवत होतं. इतक्या वर्षांत आकाशाने मला हात लावण्याची ती पहिलीच वेळ, आणि कारण काय, तर कागद, मेण आणि वारा. कारण कळलं म्हणून नवल तिळभरही कमी झालं नाही. उलट दोन म्हातारी माणसं थंडीत बसून हे करतात, या विचाराने मला जास्तच भरून आलं.

घरी आल्यावर आक्काला सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला.

"माले का नही इचारं? तुक्कल शेतस त्या! शेजारनी बेननी माले कवयच सांगेल से."

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी आपटत राहिली. दाजींनी तिच्यापासून एवढी भीती लपवून ठेवली, याचा तिला राग आला होता. थोड्या वेळाने तिने आम्हा दोघांना पोंक वाढला, त्यांच्या ताटात जास्त.

परत

ठरल्याप्रमाणे सकाळी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. दाजींचे डोळे ठणठणीत होते. वडिलांचं ऐकून डॉक्टरांनी दर वर्षी तपासून जायला सांगितलं, एवढंच. मी बाहेर बाकावर बसलो होतो. दाजींनी मला हाताला धरून आत नेलं.

मी गावी परतल्यावर आठवड्याने माझा चष्मा हातात आला. त्या संध्याकाळी मी तो लावून आमच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या गच्चीवर गेलो. वर पाहिलं आणि खाली बसलो. आकाश भरलेलं होतं. दर हिवाळ्यात मी पोरांना सांगत आलो की कृत्तिकांचा पुंजका डोक्यावर येतो आणि त्यात सहा-सात तारे नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. मला स्वतःला तिथे कधी एक पुसट डाग यापलीकडे काही दिसलं नव्हतं. मला वाटायचं, सगळ्यांना डागच दिसतो, आणि मोजण्याचं पुस्तकात उगीच लिहितात. आता त्या डागाचे तारे झाले होते. मी एक एक करून मोजले. डोळ्यांना धारा लागल्यामुळे मध्ये दोनदा चष्मा पुसावा लागला.

दुसऱ्या दिवशी दाजींना कार्ड टाकलं. कृत्तिका कुठे पाहायच्या ते समजावून लिहिलं, आणि शेवटी मोठ्या अक्षरांत: "मी सहा मोजले."

उत्तर आलं. दाजींच्याच हातचं, ओळी तिरक्या.

"या संक्रांतीला आम्ही गावी येत नाही. तुम्ही सगळे इकडे या. कासमभाईने बोलावलं आहे. तारे पाहिले. सात शेतस. नीट दख."